नुसता रिप्लाय दाबला की मेल कुणाकडे जायला पाहिजे?

ग्रुप मेलवर नुसतं रिप्लाय दाबलं तर उत्तर ज्याने लिहिलंय त्याला एकट्यालाच जायला पाहिजे, माझं मत पक्कं आहे, ज्यांना भांडायचंय त्यांनी कमेंटमध्ये या 😀

बऱ्याच ग्रुपचे अ‍ॅडमिन काय करतात, मेलमधली रिप्लाय-टू ही ओळ बदलून तिथे ग्रुपचाच पत्ता घालतात, म्हणजे कुणी काहीही दाबलं तरी उत्तर सगळ्यांना. पण ही ओळ मुळात मेल लिहिणाऱ्याची आहे, त्याला उत्तर कुठे हवंय ते त्याने सांगायचं, 2008 च्या आरएफसी 5322 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं ते ठरवणारी कागदपत्रं) पण तसंच लिहिलंय. मध्येच अ‍ॅडमिन कोण ठरवणार?

त्यांचं म्हणणं असं की लोक रिप्लाय ऑल विसरतात आणि चर्चा मरते. मान्य, विसरतात. पण तेव्हा नुकसान काय होतं, मेल एकालाच गेला, परत सगळ्यांना पाठवा, संपलं. उलटं झालं तर बघा. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीने मेंटेनन्सचा मेल टाकला आणि कुणीतरी त्यांना एकट्याला म्हणून लिहिलं की "वरच्या मजल्यावरच्यांनी सहा महिने भरलेला नाही, त्यांना आधी विचारा ना", आणि तो गेला वरच्या मजल्यासकट सगळ्या बिल्डिंगला. जीमेलचं अनडू सेंड, म्हणजे पाठवलेला मेल मागे घ्यायची सोय, जास्तीत जास्त 30 सेकंद, त्यानंतर गणपतीच्या मीटिंगला तोंड कसं दाखवायचं ते तुमचं तुम्ही बघा.

आणि गंमत म्हणजे यावर उपाय कधीचा आहे. 1998 च्या आरएफसी 2369 प्रमाणे लिस्टच्या, म्हणजे अशा ग्रुपच्याच, प्रत्येक मेलमध्ये लिस्ट-पोस्ट अशी वेगळी ओळ घालता येते, ग्रुपला लिहायचं असेल तर हा पत्ता. थंडरबर्ड हे मेलचं अ‍ॅप ती वाचतं आणि 'रिप्लाय लिस्ट' असं वेगळं बटण देतं, मट नावाच्या मेल प्रोग्राममध्ये तर नुसतं कॅपिटल एल दाबायचं. म्हणजे रिप्लाय एकट्याला, रिप्लाय लिस्ट ग्रुपला, रिप्लाय ऑल सगळ्यांना. जीमेलच्या वेबवर मात्र हे बटण नाही, आणि आपल्याकडे निम्मं जग जीमेलवर, मग अ‍ॅडमिन बिचारे रिप्लाय-टूशी खेळत बसतात. खरा राग माझा अ‍ॅडमिनवर नाहीच, इतकी वर्षं एक बटण न देणाऱ्यांवर आहे.

तोपर्यंत गूगल ग्रुप चालवणाऱ्यांनी एवढं करा, सेटिंगमध्ये उत्तरं कुणाला जावीत ते निवडता येतं, तिथे फक्त लेखकाला असा पर्याय आहे, तो ठेवा. ज्याला सगळ्यांना सांगायचंय तो दाबेल रिप्लाय ऑल.