‘जाड फोन सोडून बारीक फोन गळ्यात मारला’ या दोन स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार. तुम्ही लिहिलंय की असूसचा आरओजी फोन 6 बघायला आलात आणि आम्ही महागडा आरओजी फोन 8 गळ्यात मारला. तो बारीक आहे, गेमिंग फोन वाटतच नाही, टिकणार नाही. शिवाय सील फोडलेला फोन आम्ही परत घेतला नाही.

परतीचं आधी. सील फोडल्यावर फोन परत घेतला जात नाही, हे बिलावर छापलेलं आहे आणि काउंटरवरही सांगितलं होतं. त्यात बदल होणार नाही.

आता टिकण्याचं. 6 चं वजन 239 ग्रॅम, 8 चं 225. जाडी दहा मिलिमीटरच्या वरून नऊच्या आत आली. हातात 6 दणकट वाटतो हे खरं, पण वजनावरून मजबुती ठरत नाही. तुम्हीच म्हणालात की भर पावसात फोन बाइकच्या हँडलला लावून फिरता, म्हणून आम्ही 8 सुचवला. 6 ला आयपीएक्स4 आहे, म्हणजे उडालेल्या पाण्यापुरतं संरक्षण. त्यातला एक्स म्हणजे धुळीची चाचणी नोंदलेलीच नाही. बाजूच्या चार्जिंग पोर्टचं रबरी बूच तर गिऱ्हाइकांकडून हमखास हरवतं. 8 ला आयपी68 आहे: धूळ आत जात नाही, दीड मीटर गोड्या पाण्यात अर्धा तास चालतो. समुद्राचं पाणी त्यात धरू नका. पुढची काच 6 ला गोरिला ग्लास व्हिक्टस, 8 ला व्हिक्टस 2. ही दुसरी काच काँक्रीटसारख्या खरखरीत जमिनीवर पडण्याचा विचार करून बनवलेली आहे. तरी काच ती काचच, कव्हर काढू नका.

6 मध्ये काहीच चांगलं नाही असं आम्ही म्हटलेलं नाही. बॅटरी 6000 एमएएच आहे, 8 ची 5500. सेल्फी कॅमेरा वरच्या पट्टीत असल्यामुळे स्क्रीनला भोक नाही. आडवा धरून खेळताना ती पट्टी बोटांना बरी पडते, स्क्रीनला चुकून स्पर्श होत नाही. नुसतं घरी बसून खेळणाऱ्याला मी आजही 6 देईन, आणि त्यात दुकानाचा नफा कमीच आहे.

एका बाबतीत मात्र 8 ला जपावं लागेल. त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी हलती यंत्रणा आहे, 6 मध्ये ती नाही. बाइकच्या इंजिनाचे हादरे अशा यंत्रणेला सोसत नाहीत. हँडलवर लावायचाच असेल तर हादरे शोषणारा होल्डर घ्या. आमच्याकडे आहे, तुम्हाला खरेदीच्या भावात देऊ. येताना बिल आणा.