टीएलडी बॅजचा ‘झिरो’ रिपोर्ट : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा, टीएलडी बॅजवरच्या (रेडिएशनजवळ काम करणाऱ्यांनी अंगावर लावायचा, डोस नोंदवणारा बिल्ला) माझ्या पोस्टवर एवढी सविस्तर कमेंट केलीत, आभार. तुमचं म्हणणं असं की पार्टिकल अ‍ॅक्सिलरेटर (सूक्ष्म कण प्रचंड वेगानं पळवणारं मशीन) इंदूरला, कोलकात्याला, सोलापुरात त्याचं काय, आणि बॅजचा रिपोर्ट दर तीन महिन्यांनी झिरोच येतो तर लोकांना कशाला घाबरवता.

अहो, आपल्याकडं कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशनचा शेक देतात ते लिनॅक मशीन म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरच की! इलेक्ट्रॉन पळवून टंगस्टनवर आदळवायचे, त्यातनं एक्स-रे. पेशंटनी घाबरायचं काहीच कारण नाही, मी लिहिलंय ते तिथं रोज राबणाऱ्या टेक्निशियन, फिजिसिस्ट आणि सर्व्हिस इंजिनिअरबद्दल. मशीन बंद केलं की बीम बंद, हे तुमचं खरंय, पण 15 एमव्ही (मेगाव्होल्ट) इतक्या जास्त ऊर्जेवर चालवलं की न्यूट्रॉनही तयार होतात आणि मशीनच्या हेडमधले (जिथनं बीम बाहेर पडतो) काही भाग बीम थांबल्यावरही थोडा वेळ रेडिओअ‍ॅक्टिव्ह राहतात, आणि आपला नेहमीचा टीएलडी फास्ट न्यूट्रॉन पकडत नाही, त्याला सीआर-39 नावाचा वेगळा डिटेक्टर लागतो.

आता झिरोचं. जाड काँक्रीटच्या भिंती, दाराचा इंटरलॉक (दार उघडलं की बीम बंद करणारी सोय), हे नीट असलं की रिपोर्ट झिरोच्या आसपास यायलाच पाहिजे, त्यात आनंदच आहे. पण बॅज काही कवच नाही, तो फक्त नोंद ठेवतो, आणि नोंद तो जिथं होता तिथली. ड्युटीभर ड्रॉवरमध्ये पडलेल्या बॅजचा झिरो हा ड्रॉवरचा झिरो, तुमचा नव्हे! उलटंही होतं, बॅज लावलेला कोट बंकरमध्ये, म्हणजे मशीनच्या खोलीत, खुंटीला राहतो, दिवसभर पेशंट होतात, आणि माणसाला न लागलेला डोस त्याच्या नावावर चढतो, मग चौकशी, खुलासे, आणि तो बिचारा घाबरतो ते वेगळंच.

सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे कंट्रोल बॅज, कुणीच अंगावर न लावता तुलनेसाठी ठेवलेला. त्यावरचं रीडिंग बाकी सगळ्यांच्या रीडिंगमधनं वजा होतं, म्हणून तो रेडिएशनपासून लांब ठेवायचा असतो. तोच कुणी रेडिएशनच्या सोर्सजवळच्या कपाटात ठेवला तर वजाबाकी जास्त होणार आणि सगळ्या स्टाफचा डोस कागदावर कमी दिसणार. एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळाची) स्टाफच्या डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (डोस मोजायचं एकक), कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही, पण ही मर्यादा तपासायची कशावरनं, तर ह्याच आकड्यांवरनं ना? आणि बॅज उष्णतेपासून लांब ठेवा अशी सूचना असते, तेव्हा आपल्या एप्रिल-मे मध्ये तो गाडीच्या डिकीत टाकून फिरू नका.

तुम्ही ह्याच लाईनमध्ये असाल तर उद्या तुमच्या आरएसओंना (रेडिएशन सेफ्टी ऑफिसरना) विचारा, आपला कंट्रोल बॅज कुठं ठेवलाय, आणि काय सांगतात ते इथं नक्की लिहा.