‘पूर्ण कॅटलॉग उतरवा, एक्सेलमध्ये बदला, परत चढवा’ : हा सल्ला कुठे चुकतो

ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास फिरतो : पूर्ण कॅटलॉगची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर-फाइल) एक्सपोर्ट करा, एक्सेलमध्ये उघडून हवे ते बदला, तीच फाइल इम्पोर्ट करा. दहा मिनिटांचं काम, आणि बिघडलंच काही तर जुनी फाइल चढवली की सगळं पूर्ववत. शेकडो उत्पादनं एकेक करून बदलण्यापेक्षा सीएसव्हीचा मार्ग चांगलाच आहे. पण तो असा वापरला तर दुकानाचा डेटा बिघडतो.

‘पूर्ण कॅटलॉग उतरवा’ हीच पहिली चूक. एक्सपोर्ट म्हणजे त्या क्षणाचा फोटो. समजा, फाइल उतरवली तेव्हा एका वस्तूचा साठा ४० होता. तुम्ही भाव बदलत बसलात तेवढ्यात ६ नग विकले गेले, साठा ३४ झाला. फाइलमध्ये साठ्याचा रकाना तसाच असेल तर इम्पोर्टनंतर दुकान पुन्हा ४० दाखवतं. नसलेले ६ नग विक्रीला लागतात आणि पुढे ऑर्डर रद्द कराव्या लागतात. मधल्या वेळात सहकाऱ्याने सुधारलेली वर्णनंही अशीच पुसली जातात. म्हणून चढवायच्या फाइलमध्ये दोनच गोष्टी हव्यात : ओळख पटवणारे रकाने आणि जे बदलायचंय तेवढेच रकाने. वूकॉमर्समध्ये (हे ऑनलाइन दुकानाचं सॉफ्टवेअर, शॉपिफाय आणि मॅजेन्टोही तसंच) भावासाठी आयडी किंवा एसकेयू, म्हणजे दुकानाने वस्तूला दिलेला कोड, आणि भावाचा रकाना पुरतो. शॉपिफायमध्ये व्हेरिएंटचा (एकाच वस्तूच्या रंग-मापाच्या प्रकाराचा) भाव बदलताना हँडल (उत्पादनाच्या वेबपत्त्यातलं नाव) आणि शीर्षकाबरोबर रंग, माप अशा ऑप्शनचे रकानेही ठेवावे लागतात, नाहीतर भाव कोणत्या व्हेरिएंटचा हे त्याला कळत नाही. पण त्या ऑप्शनच्या रकान्यांतला मजकूर बदलू नका. ‘लाल’चं ‘गडद लाल’ केलं की जुन्या व्हेरिएंटचा आयडी जातो, नवा तयार होतो, आणि त्या आयडीवर जोडलेली बाहेरची अ‍ॅप्स तुटतात.

‘एक्सेलमध्ये उघडा.’ सीएसव्हीवर डबल-क्लिक केलं की एक्सेल प्रत्येक कप्प्याचा प्रकार स्वतःच ठरवतं. ००४५२ या एसकेयूचा ४५२ होतो, ३-५ ची तारीख होते. १३ अंकी बारकोड ८.९०१२३ई+१२ असा दिसतो. दिसतो तोवर ठीक, रकाना नंबर प्रकारात बदलला की अंक परत येतात. पण तसाच सेव्ह केला तर सीएसव्हीत दिसणारा मजकूरच उतरतो आणि शेवटचे अंक कायमचे जातात. ही तारखेची खोड इतकी जुनी आहे की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली.

उपाय सोपा आहे. रिकामी वर्कबुक उघडा, ‘डेटा’ टॅबमधून टेक्स्ट/सीएसव्ही आयात करा आणि एसकेयू, बारकोड, हँडल या रकान्यांना टेक्स्ट प्रकार द्या. सेव्ह करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ निवडा, साध्या सीएसव्हीत देवनागरी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात. त्यानंतर तीच फाइल डबल-क्लिकने उघडून पुन्हा सेव्ह करू नका. टेक्स्ट प्रकार सीएसव्हीत साठवलाच जात नाही, त्यामुळे सगळं मुसळ केरात.

पुरवठादाराची नवी भावयादी शेजारी चिकटवून ओळी जुळवणं त्याहून घातक, कारण दोन्ही याद्यांचा क्रम सारखा असेलच असं नाही. एसकेयूवरून व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधून आणणारं एक्सेलचं सूत्र) लावा आणि चौथ्या जागी शून्य लिहायला विसरू नका. ते नसेल तर सूत्र अंदाजे जुळणी करतं आणि चूक न दाखवता दुसऱ्याच वस्तूचा भाव आणतं. जुळणी सापडत नसेल तर एसकेयूमागे राहिलेली मोकळी जागा ट्रिम या सूत्राने काढून पाहा.

‘नको तो कप्पा रिकामा सोडा, जुनं तसंच राहील.’ हे प्लॅटफॉर्मवर अवलंबून आहे. शॉपिफायमध्ये रकाना फाइलमध्ये आहे पण कप्पा रिकामा असेल, तर तिथला जुना मजकूर पुसला जाऊ शकतो. मॅजेन्टोमध्ये उलट : रिकामा कप्पा दुर्लक्षित होतो आणि जुना मजकूर पुसायला खास खुणेचा शब्द लिहावा लागतो. बदलायचं नसेल तर अख्खा रकानाच काढा.

‘बिघडलं तर जुनी फाइल चढवा.’ त्याने जुने भाव परततील, एवढंच. चुकीच्या हँडलमुळे शॉपिफायमध्ये नवीन उत्पादनं तयार झाली असतील तर ती तशीच राहतात. गेलेले व्हेरिएंट आयडी परत येत नाहीत, आणि साठ्याची आधी सांगितलेली चूक दुसऱ्यांदा होते. मॅजेन्टोत ‘रिप्लेस’ निवडलं असेल तर मूळ उत्पादनं काढून नवीन बनवली जातात. म्हणून आधी १० उत्पादनांची फाइल चढवा, त्यात एक अनेक व्हेरिएंटचं, एक सवलत चालू असलेलं आणि एक देवनागरी वर्णनाचं असू द्या. सवलतीचं मुद्दाम, कारण वूकॉमर्समध्ये मूळ भाव बदलला तरी सवलतीचा भाव चालू असेपर्यंत ग्राहकाला तोच दिसतो.

‘इम्पोर्ट पूर्ण’ असा संदेश आला म्हणजेही काम झालं असं नाही. वूकॉमर्समध्ये ‘विद्यमान उत्पादनं अपडेट करा’ ही खूण केली असेल तर न जुळलेल्या ओळी वगळल्या जातात, म्हणून वगळलेल्यांचा आकडा वाचा. वूकॉमर्सच्या एपीआयने (प्रोग्रॅममधून थेट दुकानाशी बोलण्याच्या सोयीने) काम करत असाल तर त्याच्या बॅचमध्ये, म्हणजे एका गठ्ठ्यात, एका वेळी जास्तीत जास्त १०० नोंदी जातात. पूर्ण विनंती यशस्वी दिसली तरी आतल्या एखाद्या नोंदीचं उत्तर चूक असू शकतं, प्रत्येक तपासा. शेवटी पुन्हा एक्सपोर्ट करून नवी आणि जुनी फाइल एसकेयूवरून जुळवा. ज्या रकान्याला हात लावला नव्हता तिथे फरक दिसला आणि तो मधल्या विक्रीचा किंवा सहकाऱ्याच्या बदलाचा नसेल, तर पुढची फाइल चढवण्याआधी त्याचं कारण शोधा.