खुलासा : गाडी हवेत असताना सगळेच बोल्ट पूर्ण आवळू नका

घरच्या घरी सस्पेन्शन बदलणाऱ्यांसाठी एक सल्ला सध्या बराच फिरतोय : ‘गाडी स्टँडवर असतानाच सगळे बोल्ट टॉर्क पान्याने (मोजून जोर लावणाऱ्या पान्याने) पूर्ण आवळून टाका, नंतर खाली शिरायची कटकट नको.’ हे अर्धंच खरं आहे.

स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या भागाच्या) वरच्या माउंटचे नट, बॉल जॉइंट (गोळ्यावर फिरणारा सांधा) हे खुशाल तसे आवळा. अडचण आहे ती कंट्रोल आर्मच्या, म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या, वर-खाली हलणाऱ्या दांड्याच्या सांध्यात बसणाऱ्या रबरी बुशची. या बुशमध्ये मधली धातूची नळी रबराला घट्ट चिकटवलेली असते. बोल्ट आवळला की ती नळी ब्रॅकेटमध्ये जखडते आणि पुढची सगळी हालचाल रबर पिळूनच होते. आर्म खाली लोंबकळत असताना आवळलं, तर गाडी चाकांवर उतरताच रबराला पीळ बसतो, तो कायमचा. मग काही महिन्यांत बुशला चिरा दिसतात, आणि खापर बिचाऱ्या पार्टवर फुटतं.

म्हणून हे बोल्ट आधी नुसते टेकवून ठेवायचे. गाडी रॅम्पवर घेऊन, चाकांवर पूर्ण भार आल्यावरच ते मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळायचे. मोकळे फिरणारे पॉलियुरेथेन बुश असतील तर हा नियम लागू नाही.

याच सल्ल्यात ‘अलाइनमेंटची (चाकांचे कोन जुळवण्याची) गरज नाही’ असंही एक शेपूट आहे. स्ट्रट नकलपासून (चाकाचा हब धरणाऱ्या भागापासून) सोडवला असेल तर कँबर, म्हणजे चाकाचा आत-बाहेरचा कल, हलू शकतो. अलाइनमेंट तपासून घ्याच.