मूळ गोष्टी गोड नव्हत्याच

परीकथा नव्यानं, काळोख्या रूपात सांगितल्या की त्यांचा निरागसपणा जातो, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरोच्या १६९७ च्या गोष्टीत लाल टोपीवालीला लांडगा खातो, सोडवायला कुणी येत नाही. जर्मनीच्या ग्रिम बंधूंच्या परीकथांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती राणी म्हणजे तिची सख्खी आई; सावत्र आई १८१९ ला आली. नव्या कादंबऱ्या अशा बायकांना बोलतं करतात, म्हणून मी त्या हावरटासारख्या वाचते. आम्हा कोल्हापूरकरांना तर यात परकं काहीच नाही. ललितापंचमीला त्र्यंबोली देवीच्या टेकडीवर कोहळा फुटतो तो राक्षसवधाचं प्रतीक म्हणून, आणि पोरं बापाच्या खांद्यावरून बघतात. भाचीला मी हिमगौरीच्या गोष्टीतल्या राणीचा, तापलेल्या लोखंडी बुटांत मरेपर्यंत नाचण्याचा शेवटही सांगितला. तिनं एवढंच विचारलं, "मावशी, पण राणी अशी का झाली?"