चार सेकंदांसाठी एवढा खटाटोप? : एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही 'निवृत्त इंजिनिअर, चिंचवड, सध्या मुक्काम लेकीकडे न्यू जर्सी' अशी सही केली आहे, म्हणून काका म्हणते. राग नसावा. प्रतिक्रिया लांबलचक आणि रोखठोक आहे, तेव्हा 'वाचून कळवल्याबद्दल धन्यवाद' एवढ्यावर ती उरकता येणार नाही.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. जूनच्या शेवटी आम्ही डेट्रॉईटहून ओहायोतल्या नॉरवॉकला ड्रॅग रेसिंग (दोन गाड्या शेजारी-शेजारी, उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत धावतात ती शर्यत) बघायला गेलो आणि सुट्टीची सगळी आखणी त्या शर्यतीभोवती केली, त्यावर मागचा लेख होता. काकांचं म्हणणं असं, की शर्यत जेमतेम चार सेकंदांची, तिच्यासाठी सत्तरीतल्या आईवडिलांना आणि शाळकरी मुलीला उन्हातान्हात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात नेणं हा शहाणपणा नव्हे. मुलीला त्यातून काय मिळणार? बरं, गेलात ते गेलात, पण रविवारची अंतिम फेरी न बघताच निघालात, म्हणजे तेलही गेलं, तूपही गेलं. एवढं इंधन जाळण्याचं कौतुक कशाला? आणि असले लेख वाचूनच आपल्याकडची पोरं रस्त्यावर बाइक उडवतात. शेवटचं वाक्य : "त्यापेक्षा नायगारा दाखवायचा होतात."

नायगारा आई-बाबांनी मागच्या खेपेलाच बघितला. तो मुद्दा निकालात निघाला.

आता चार सेकंद. टॉप फ्युएल आणि फनी कार या दोन सर्वांत दांडग्या वर्गांतल्या गाड्या १,००० फूट धावतात. पूर्वी त्याही पाव मैल, म्हणजे १,३२० फूट धावायच्या. २००८ साली न्यू जर्सीतच, इंग्लिशटाउनच्या ट्रॅकवर स्कॉट कॅलिटा या ड्रायव्हरचा अपघाती मृत्यू झाला, त्यानंतर अंतर कमी केलं. चांगली धाव चार सेकंदांच्या आत संपते, तोवर वेग ताशी ३३० मैलांच्या, म्हणजे ५३० किलोमीटरच्या, आसपास पोचलेला असतो. तुमचा हिशेब अगदी बरोबर आहे. दिवसभरात प्रत्यक्ष धावणाऱ्या या राक्षसी गाड्या बघण्याचा वेळ मोजलात तर काही मिनिटंच भरतील.

पण मी सहल आखली ती त्या मिनिटांसाठी नव्हेच. दोन फेऱ्यांच्या मधे जे तास मोकळे असतात, त्यांच्यासाठी आखली. या शर्यती भरवणाऱ्या नॅशनल हॉट रॉड असोसिएशनकडे प्रत्येक तिकीट हेच पिटचं, म्हणजे गाड्यांची खोल-जोड चालते त्या आवाराचं, तिकीट असतं. वेगळा पास नाही, ओळखपाळख नाही, कुणाचा वशिला नाही. वानखेडेचं साधं तिकीट काढून ड्रेसिंग रूमच्या दारात उभं राहता आलं असतं तर कसं वाटलं असतं? इथे तसं खरंच राहता येतं, मधे फक्त एक दोरी.

आणि दोरीपलीकडे काय चालतं ते तुम्ही बघायलाच हवं होतं. टॉप फ्युएलच्या इंजिनाला रेडिएटर नाही, ब्लॉकमध्ये पाणी खेळवायला जागाच नाही, अख्खा ॲल्युमिनियमचा ठोकळा. गिअरबॉक्स नाही, चकत्यांचा क्लच ठरावीक वेळेनुसार हळूहळू पकडत जातो, तेवढंच. इंधनात नव्वद टक्क्यांपर्यंत नायट्रोमिथेन, बाकी मिथेनॉल. नायट्रोमिथेनच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत पेट्रोलच्या कितीतरी पट इंधन कोंबता येतं. दर सिलिंडरला दोन स्पार्क प्लग. धाव संपेपर्यंत त्यातल्या बऱ्याच प्लगांची टोकं जळून गेलेली असतात आणि इंजिन नुसत्या दाबाने आणि उष्णतेने डिझेलसारखं चालू राहतं. अश्वशक्ती अकरा-बारा हजारांच्या घरात. असं इंजिन एका धावेत पार थकतं, म्हणून ते दर फेरीनंतर उघडतात आणि तासाभरात पुन्हा बांधतात. सगळं तुमच्या डोळ्यांदेखत.

माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. 'बघू, काय गोंगाट आहे तो' अशा चेहऱ्यानेच ते आले होते. ट्रॅकवरून एक गाडी ओढत परत आणली, मागची चाकं घोडीवर चढवली आणि सात-आठ जण तिच्यावर तुटून पडले. वरचे दोघे हेड उतरवतायत, एक जण गाडीखाली सरपटत जाऊन तेलाचं पॅन काढतोय, गरम तेल त्याच्या कोपरापर्यंत ओघळतंय आणि तो मान वळवून शेजारच्याशी गप्पा मारतोय. पिस्टन कनेक्टिंग रॉडसकट बाहेर येतात, ट्रेमध्ये क्रमाने लागतात. सोळाच्या सोळा प्लग एका फळीवर ओळीने मांडले, क्रू चीफ वाकून एकेकाचं टोक निरखत होता. मग त्याने बेअरिंगची अर्धगोल चकती उचलली, अंगठ्याने पुसली आणि उजेडात तिरकी धरली. बाबा तिथून हलेनात. "हा बरोबर बघतोय," एवढंच म्हणाले. बाबांच्या तोंडून दुसऱ्याच्या कामाबद्दल एवढं निघणं म्हणजे शाल-श्रीफळच. पुढे त्या क्रूतल्या एकाने वापरून टाकलेली एक चकती दोरीवरून त्यांच्या हातात ठेवली. भाषेची अडचण दोघांनाही आली नाही. ती चकती आता साताऱ्याला शोकेसमध्ये आहे.

जोडणी झाली की इंजिन तिथेच एकदा सुरू करून बघतात. क्रू गॅस मास्क चढवतो, ते बघून शहाणी माणसं चार पावलं मागे सरकतात, हौशी मंडळी मुद्दाम पुढे येतात. नायट्रोचा धूर डोळ्यांत-नाकात गेला की मिरचीची फोडणी करपल्यागत होतं. आईला मी आधीच लांब नेलं होतं. नवरा पुढे राहिला आणि अर्धा तास डोळे पुसत हिंडला. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही.

मुलीला काय मिळालं, हे तुम्ही विचारलंत. पहिलं म्हणजे गणित. बड्या गाड्यांच्या मधे हौशी लोकांच्या शर्यती चालतात. त्यातल्या काही वर्गांत आपली गाडी किती सेकंदांत पोचेल ते ड्रायव्हर आधीच जाहीर करतो आणि काचेवर लिहितो. संथ गाडीला तेवढी आघाडी देऊन आधी सोडतात. समजा तुम्ही ११.२० लिहिलंत आणि ११.१८ मध्ये पोचलात, तर जास्त जोरात गेलात म्हणून हरलात! (दोघांनीही तेच केलं तर ज्याने कमी ओलांडलं तो जिंकतो.) म्हणजे जुनी स्टेशन वॅगनसुद्धा चकचकीत कॉर्व्हेटला नियमात राहून हरवू शकते. हे एकदा समजल्यावर पोरगी बड्या गाड्यांपेक्षा या शर्यतींतच जास्त रमली, कारण तिला निकाल आधी ओळखता येत होता. दुसरं, इथे बाया आणि पुरुष एकाच रांगेत धावतात, वेगळा गट नाही. शर्ली मुल्डाउनीने टॉप फ्युएलचं राष्ट्रीय अजिंक्यपद १९७७ साली जिंकलं, मग १९८० आणि १९८२ मध्येही. अलीकडे ब्रिटनी फोर्सने २०१७ आणि २०२२ मध्ये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी निम्म्या आकाराच्या गाड्यांची वेगळी लीग आहे, हे मात्र मी लेकीपासून शिताफीने लपवलं होतं. पिटमध्ये कुणीतरी सांगितलंच.

आवाजाबद्दल तुमची काळजी रास्त आहे, तिथे वाद नाही. या गाड्या सुटताना जवळपास १५० डेसिबलपर्यंत आवाज जातो. म्हणूनच कानात फोमचे बोळे आणि वरून हेडफोनसारखे कानबंद, असं दुहेरी कवच लागतं. लहान मुलांना तर सक्तीने. आम्ही बसलो ते सुरुवातीच्या रेषेपासून बरंच पुढे. आवाज थोडा कमी होतो आणि गाडी खरा वेग घेते तीही तिथेच दिसते. रेषेजवळची महाग जागा पहिल्यांदा जाणाऱ्याने घेऊच नये, असं माझं मत आहे. आईने दोन जोड्या बघितल्या, "कळलं" म्हणाली आणि सावलीत खुर्ची टाकून बसली. या ट्रॅकवर एका डॉलरला एक पौंड आइस्क्रीम द्यायची जुनी प्रथा आहे. एक पौंड म्हणजे जवळजवळ अर्धा किलो! आई ते घेऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पोशाख बघत तिने मजेत संध्याकाळ काढली.

आता रविवार. इथे मला तुमचं अजिबात पटलेलं नाही. शुक्रवारी-शनिवारी पात्रता फेऱ्या असतात, त्यात हजर असलेली प्रत्येक गाडी प्रत्येक फेरीत धावते. रविवारी बाद फेऱ्या. सोळा गाड्यांच्या आठ जोड्या, मग चार, मग दोन, मग एक. दिवस जसा चढतो तशा गाड्या कमी आणि थांबणं जास्त. ज्याचा कुणी लाडका ड्रायव्हर आहे, त्याने रविवारीच जावं, जिवाची घालमेल करून घ्यावी. कुटुंबाला शुक्रवार चांगला : गर्दी कमी, पिटमध्ये पुढे उभं राहता येतं आणि जूनमध्ये तिकडे नऊनंतर अंधारतं, तेव्हा उशिराची फेरी मिळाली तर प्रत्येक पाइपातून वर उठणाऱ्या ज्वाळा दिसतात, ज्या भर दुपारी दिसतच नाहीत. शिवाय पाऊस. ओल्या ट्रॅकवर या गाड्या धावूच शकत नाहीत, रविवारची शर्यत सोमवारवर गेल्याचं कितीदा तरी झालं आहे. ज्याने रविवारवर सगळं लावलं आणि सोमवारी ऑफिस गाठायचं आहे, त्याची सुट्टी वाहून जाते. आम्ही शुक्रवार धरला, शनिवार राखीव ठेवला आणि रविवारी निवांत फिरत परतलो. अर्धवट नव्हे, आखणीच ती होती.

फिरायला तिथे काय आहे, असंही तुम्ही म्हणालात. मुक्काम नॉरवॉकला न करता अर्ध्या तासावर, ईरी सरोवराच्या काठी सँडस्कीला करावा. तिथे सीडर पॉइंट आहे, १८७० पासून चालू असलेलं करमणूक केंद्र, आता रोलर कोस्टरांसाठी प्रसिद्ध. नवरा आणि लेक एक अख्खा दिवस तिकडे, आम्ही तिघं मार्बलहेडहून बोटीने केलीज बेटावर. त्या बेटावर हिमयुगातल्या हिमनदीने चुनखडीच्या खडकात कोरलेल्या पन्हळी आहेत, सुमारे ४०० फूट लांब आणि ३५ फूट रुंद. रंधा फिरवल्यासारख्या गुळगुळीत. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ बघत राहिले. परतताना मार्बलहेडचं १८२२ सालचं दीपगृह लागतं. आणि नॉरवॉकपासून दहा-बारा मिनिटांवरच्या मायलन गावात थॉमस एडिसनचा जन्म झाला, ते छोटं विटांचं घर अजून आहे. सात वर्षांचा असताना तो आमच्या मिशिगनमध्ये, पोर्ट ह्युरॉनला आला. एका बाजूला ते शांत घर, दुसऱ्या बाजूला नायट्रोचा धडाका, दोन्ही एकाच दिवसात बसतं.

इंधनाचं म्हणाल तर एक टॉप फ्युएल गाडी चाकं तापवण्यापासून धाव संपेपर्यंत पन्नासेक लिटर पिते. जंबो जेट तेवढं इंधन साधारण बारा-पंधरा सेकंदांत संपवतं. आपण सगळेच विमानाने आलो आहोत, तेव्हा या विषयावर दोघांनीही जरा दमाने बोलू.

रस्त्यावरच्या शर्यतींचा मुद्दा मात्र मला गंभीर वाटतो आणि नेमक्या त्याच कारणासाठी मी लिहीन. वॉली पार्क्स यांनी १९५१ साली कॅलिफोर्नियात ही असोसिएशन काढली तीच मुळी पोरांना रस्त्यावरून उचलून बंदिस्त जागी, तपासलेल्या गाड्यांसह, नियमांत आणायला. तेव्हा वापरात नसलेल्या विमानतळांच्या धावपट्ट्या कामी आल्या. आजही अनेक ट्रॅकवर ठरावीक दिवशी कुणीही साधी गाडी घेऊन जातो, तपासणी करून घेतो, पैसे भरतो आणि धावतो. आपल्याकडे लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, पण मध्यरात्री पुलावर बाइक पळवणाऱ्या पोराला तिथवर पोचणं परवडतं का? स्वस्त, जवळची आणि वरचेवर उघडणारी जागा द्या, मग त्याला बोल लावा. लेख छापले नाहीत म्हणून कुणी पुलावरून उतरलेलं मी ऐकलं नाही.

आता तुमच्यासाठी. इंग्लिशटाउनची ड्रॅग स्ट्रिप २०१८ मध्ये बंद झाली, तिकडे जाऊ नका. पेनसिल्व्हेनियात रेडिंगजवळ मेपल ग्रोव्ह आहे, तिथली राष्ट्रीय शर्यत अलीकडे सप्टेंबरात होत आली आहे. तोवर मुक्काम असेल तर यंदाची तारीख आधी बघून घ्या आणि लेकीला गाडी काढायला लावा. तिथून लँकेस्टरकडे उतरलात की स्ट्रासबर्गला वाफेच्या इंजिनाची गाडी आणि समोरच रेल्वे म्युझियम आहे, काकूंना मोटारीविना जुन्या पद्धतीने राहणाऱ्या आमिश पंथाच्या लोकांची शेतं बघता येतील. तिकीट शुक्रवारचं काढा. पिटमध्ये इंजिन उघडताना दोरीच्या डाव्या-उजव्या टोकाला उभे राहा, मधे ट्रेलरची सावली आड येते. बोळे आणि कानबंद घरूनच न्या. आणि क्लचच्या चकत्या बाहेर काढतील तेव्हा त्यांचा रंग नीट बघून मला इथेच कळवा, बाबांना त्यावर एक शंका आहे आणि मला तिचं उत्तर देता येत नाहीये.