गेट काही पडेना

रेल्वेचं गेट उघडं आहे म्हणून वैतागलेला माणूस तुम्ही बघितला नसेल. तो मी. एरवी गेटचं आणि माझं जुनं वैर, म्हणजे पुढचा उसाचा ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांसकट आरामात पलीकडं जाणार आणि दांडा बरोबर माझ्या बॉनेटपुढं खाली येणार, हे ठरलेलं.

तर दिवाळीला सासुरवाडीत होतो, बार्शीला. आमचे चिरंजीव वय वर्षे पाच, दिवसभर मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओ, नुसता भोंगा ऐकून इंजिन ओळखतो असा त्याचा दावा (तपासायची सोय नाही, कारण आम्हाला कुणालाच ओळखता येत नाही). पाडव्याला दुपारी त्याने खरी गाडी बघायचा हट्ट धरला. मी म्हणलं कुर्डुवाडीला जाऊ, मेन लाईन आहे, सोलापूरच्या गाड्या एकामागं एक दिसतील. झालं! सासरे, म्हणजे अण्णा, ताटावरून उठले. "का? बार्शीला काय बैलगाड्या येतात का जावईबापू?"

मग काय, सगळं खटलं गावाबाहेरच्या गेटवर. सतरंजी, पाण्याचे दोन कॅन, चिवडा, चकल्या, सासूबाईंनी वर धपाटे आणि दही पण घेतलं, म्हणलं आई आपण गाडी बघायला चाललोय, गाडीने काशीला नाही. लिंबाखाली बैठक बसली. आणि गेट उघडं.

अर्धा तास झाला, गेट उघडं. शेळ्या गेल्या, दुधाच्या मोटरसायकली गेल्या, एक वऱ्हाडाची जीप गेली, प्रत्येकजण आमच्याकडं बघत बघत जात होता की ही माणसं इथं रुसून बसलीत का काय. गेटमनने दोनदा बाहेर येऊन बघितलं. त्याच्या केबिनमधला फोन वाजला की आम्ही सगळे ताडकन उभे. पहिल्यांदा स्टेशनवरून टेस्टिंगचा होता म्हणे. दुसऱ्यांदा त्याचा मोबाईल होता, घरून, मेथी आणा म्हणून.

मी त्याला हळूच विचारलं, जरा आधीच पाडता येत नाही का गेट, पोरासाठी? त्याने माझ्याकडं असं बघितलं की ज्याचं नाव ते. मग समजावून सांगितलं, स्टेशनवरून निरोप आल्यावर गेट पाडायचं, लॉक करायचं, ते लॉक झाल्याशिवाय गाडीला सिग्नलच मिळत नाही. म्हणजे आपण गाडीसाठी थांबतो हे अर्धसत्य आहे, आधी गाडी गेटसाठी थांबून असते. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं.

मधल्या वेळात अण्णा सुटले होते. बार्शी लाईट रेल्वे, 1897, अडीच फुटी रूळ, पुढं 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप नावाच्या ज्या इंग्रज इंजिनिअरने ती बांधली त्याचं नाव अण्णा चुलतमामाचं घ्यावं तसं घेतात. "चालत्या गाडीतून उतरायचं, बोरं तोडायची, पळत जाऊन परत बसायचं!" हे मी लग्न ठरवायला आलो तेव्हापासून ऐकतोय, तेव्हा बोरांच्या जागी ऊस होता. नातू विचारतो, "आजोबा, मग ती गाडी कुठंय?" आता तिथं साडेपाच फुटी ब्रॉडगेज, त्यामुळं बोरं बंद. रुळाकडेच्या पिवळ्या पाटीवर 'डब्ल्यू/एल' लिहिलं होतं, त्याचा अर्थ मेव्हण्याने 'वेटिंग लिस्ट' असा सांगितला. वास्तविक ती ड्रायव्हरसाठी असते, फाटक आलं, शिट्टी मार. पण त्या दुपारी मेव्हण्याचाच अर्थ जास्त खरा होता.

शेवटी गेट पडलं! आम्ही टाळ्या वाजवल्या. एक बुलेटवाला येऊन थांबला आणि "काय कटकट आहे राव" म्हणाला, मी त्याच्याकडं इतक्या प्रेमाने बघितलं की तो जरा पलीकडं सरकला. आणि आली... मालगाडी. बंद डब्यांची, तपकिरी, रस्त्यातल्या म्हशीच्या चालीने. मोजायला घेतली. बायकोचे एक्केचाळीस, माझे बेचाळीस, अण्णांचे त्रेचाळीस, कारण ते गार्डाचा डबा धरतात. त्यावर गाडीपेक्षा मोठं भांडण झालं. चिरंजीव म्हणाले, "ही नको, माणसांची पाहिजे."

माणसांची यायला अजून सव्वा तास लागला. तोवर धपाटे संपले, दही उन्हात आंबलं आणि चिरंजीव आजीच्या मांडीवर गाढ झोपले. गेट पडलं तसं उठवायचं की नाही यावर चर्चा. सासूबाई म्हणतात झोपू दे लेकराला, अण्णा म्हणतात अगं एवढं बसलो कशाला मग. भोंगा वाजला, इंजिन गेलं, धडधड धडधड निळे डबे, दारात बसलेल्या पोरांनी आम्हाला हात केले, आम्ही सहकुटुंब त्यांना केले, गेटमन हिरवा झेंडा धरून ताठ उभा. मी पोराला गदागदा हलवून खांद्यावर घेतलं. त्याने डोळे चोळत समोर बघितलं तेव्हा शेवटचा डबा लांब चालला होता आणि त्याच्या पाठीवरची मोठी पिवळी फुली तेवढी दिसत होती.

"बाबा, फुली का मारलीय? गाडी चुकली का?"

"चुकली रे बाबा," अण्णा सतरंजी झटकत म्हणाले.